दोन डिस्कमध्ये मावलेले वॉट्स : चार्ल्स बर्नेट यांच्या चित्रपटांचा संच

दोन माणसे एका जुन्या मोटारीचे इंजिन जिन्याच्या पायऱ्यांवरून खाली आणत आहेत. इंजिन जड आहे, पकड निसटते, मध्येच टेकवून दम घ्यावा लागतो. कसेबसे ते मालवाहू गाडीच्या हौद्यात अगदी कडेला ठेवले जाते. आणखी आत सरकवायला हवे हे एकाला कळते, पण दुसऱ्याचे बोट चेमटले आहे, दोघेही दमून गेले आहेत आणि ‘राहील की’ एवढ्यावर विषय संपतो. गाडी चढावर निघताच इंजिन मागच्या मागे रस्त्यावर आपटते आणि कायमचे निकामी होते. दोघे उतरून पाहतात, पुन्हा गाडीत बसतात आणि निघून जातात. कॅमेरा मात्र हौद्यातच राहतो, आणि रस्त्यात पडलेले ते इंजिन लहान लहान होत जाताना आपण पाहत बसतो.

‘किलर ऑफ शीप’ या चित्रपटातला हा प्रसंग मी किती वेळा पाहिला असेल याचा हिशेब मी ठेवलेला नाही. त्यात कोणी रडत नाही, कोणी आपल्या नशिबाला बोल लावत नाही, पार्श्वसंगीत आपल्याला हळवे करायला धावून येत नाही. तरीही शहरात राहणाऱ्या, राबणाऱ्या आणि एक पाऊल पुढे टाकण्यासाठी धडपडणाऱ्या माणसाची अख्खी गोष्ट त्या काही मिनिटांत येऊन जाते. अमेरिकेतील वंश, ओळख आणि महानगरी जीवन या विषयांवरचे स्वतंत्र चित्रपट पाहू इच्छिणाऱ्याने सुरुवात कोठून करावी, असे मला कोणी विचारले तर मी चार्ल्स बर्नेट यांच्या चित्रपटांचा हा दोन डिस्कचा संच पुढे करतो. माइलस्टोन या छोट्या वितरण संस्थेने तो २००७ मध्ये बाजारात आणला. त्यात ‘किलर ऑफ शीप’ आहे, ‘माय ब्रदर्स वेडिंग’ हा दुसरा दीर्घ चित्रपट त्याच्या दोन वेगवेगळ्या संकलनांसह आहे, आणि १९६९ ते २००७ या काळातले चार लघुपट आहेत. एका दिग्दर्शकाची जवळजवळ चाळीस वर्षांची वाटचाल एका खोक्यात मिळणे ही चैन आहे, हे आधीच कबूल करतो.

बर्नेट यांचा जन्म १९४४ मध्ये मिसिसिपी राज्यातील विक्सबर्ग येथे झाला आणि ते लहानाचे मोठे झाले ते लॉस एंजेलिस शहराच्या दक्षिण भागातील वॉट्स या वस्तीत. दक्षिणेकडील राज्यांतला जाच आणि दारिद्र्य मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील आणि पश्चिमेकडील शहरांत आली, त्यांतलेच हे एक कुटुंब. वॉट्सचे नाव जगाला कळले ते ऑगस्ट १९६५ मधील उद्रेकामुळे. सहा दिवस चाललेल्या त्या जाळपोळीत आणि गोळीबारात ३४ माणसे मेली, आणि त्यानंतर बराच काळ बाहेरच्यांच्या लेखी वॉट्स म्हणजे आग, पोलीस आणि लूट एवढेच समीकरण उरले. त्यानंतर काही वर्षांनी, हॉलिवूड शहरी कृष्णवर्णीयांना पिस्तूल, दलाली आणि सूड यांच्या कथांतून पडद्यावर आणत असताना, त्याच शहरातील यूसीएलए विद्यापीठाच्या चित्रपट विभागात बर्नेट, हैले गेरिमा, ज्युली डॅश, बिली वुडबेरी अशी मंडळी शिकत होती. पुढे ‘एल. ए. रिबेलियन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या विद्यार्थ्यांनी आपल्या माणसांच्या गोष्टी आपल्या पद्धतीने सांगायच्या असे ठरवले होते. बंडखोरी या शब्दातून जो गोंगाट ऐकू येतो तो मात्र बर्नेट यांच्या चित्रपटांत शोधूनही सापडत नाही. त्यांचे बंड आवाज न चढवण्यात आहे.

‘किलर ऑफ शीप’ हा त्यांचा पदव्युत्तर पदवीसाठी सादर केलेला चित्रपट. सोळा मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर, सुट्ट्यांच्या दिवशी, बहुतांशी मित्र आणि शेजारीपाजारी यांना घेऊन, दहा हजार डॉलरपेक्षा कमी खर्चात तो चित्रित झाला आणि १९७७ मध्ये पूर्ण झाला. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन हे सारे बर्नेट यांचेच. नायक स्टॅन कत्तलखान्यात काम करतो. त्याला झोप येत नाही, आणि झोप येत नसेल तर मेंढ्या मोजाव्यात, असा सल्ला त्याला मिळतो. दिवसभर मेंढ्या मारणाऱ्याने रात्री त्याच मोजाव्यात, हा विनोद एखाद्या कमी कुवतीच्या दिग्दर्शकाने ठळक अधोरेखित केला असता. येथे तो आला आला तोवर निघूनही जातो.

कथानक शोधणाऱ्या प्रेक्षकाची येथे निराशा होईल, हे स्पष्ट सांगायला हवे. मी स्वतः पहिल्यांदा हा चित्रपट विद्यार्थिदशेत, ओरखडे पडलेल्या आणि आवाज खरखरणाऱ्या प्रतीवर पाहिला होता आणि अर्ध्यावरच कंटाळलो होतो. एका प्रसंगातून दुसरा निघत नाही, माणसे येतात आणि पुन्हा दिसत नाहीत, शेवटी काही सुटत नाही आणि काही तुटतही नाही. पण दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आले की येथे घटनांपेक्षा थकव्याला जास्त जागा दिली आहे, आणि थकव्याला कथानक नसते. स्टॅन मित्रासोबत टेबलाशी बसला आहे, हातात गरम पेय असलेला कप आहे. तो कप गालाला लावतो आणि म्हणतो की प्रणयाच्या वेळी बाईचे कपाळ असेच ऊबदार लागते. मित्राला हसू फुटते. मलेरिया झालेल्या बायका आपल्याला नकोत, अशा अर्थाचे काहीतरी तो बोलतो. ज्या माणसाला बायकोजवळ जाण्याइतकेही त्राण उरलेले नाही, त्याच्या मनात कोमलपणा अजून शाबूत आहे आणि तो बोलून दाखवायला त्याच्याकडे माणूस नाही, हे त्या अर्ध्या मिनिटात कळते. असाच दुसरा प्रसंग गरिबीविषयी आहे. आपण गरीब आहोत हे स्टॅनला मान्य नाही, कारण आपण साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेला जुन्या वस्तू दान करतो, आणि दान करणारा गरीब कसा असेल, असा त्याचा युक्तिवाद असतो. त्यात थोडी बढाई आहे, थोडी लाज आहे, आणि तो पूर्णपणे चुकीचाही नाही.

आता वंशाच्या प्रश्नाकडे वळू. ‘वंश’ हा मराठी शब्द येथे नेहमीच अपुरा पडतो, कारण आपल्या कानाला त्यात कुळाची आणि वंशावळीची ओळ ऐकू येते. ‘वर्ण’ म्हणावे तर वेगळाच इतिहास जागा होतो. पण बर्नेट यांच्या चित्रपटापुढे ही शब्दांची अडचण फारशी जाणवत नाही, कारण तेथे या विषयावर कोणी भाषण करतच नाही. गोरी माणसे जवळजवळ दिसत नाहीत. जी ठळक दिसते ती एका दुकानाची मालकीण. ती स्टॅनचा हात धरून त्याला दुकानात नोकरी देऊ करते, आणि त्या लाघवीपणात कोणाचा हात कोणाच्या हातात आहे हे आपल्याला बरोबर समजते. बाकी सगळा काळ वर्णभेद हा हवेच्या दाबासारखा आहे. त्याचे नाव कोणी घेत नाही, पण सगळे त्याखालीच चालतात. रस्त्याला नीट फरसबंदी नाही, जुन्या मोटारी दुरुस्त होत नाहीत, शर्यती पाहायला शहराबाहेर निघालेल्या मंडळींचे चाक पंक्चर होते आणि जादा चाक कोणी बरोबर घेतलेलेच नसते. त्या प्रसंगात मला हसू आले आणि लगेच ते आवरावेसे वाटले.

ओळखीचा प्रश्नही असाच, घरातल्या घरात उभा राहतो. स्टॅनचा मुलगा आईला दक्षिणेकडील खेड्यांतल्या पद्धतीने हाक मारतो आणि स्टॅन त्याला दटावतो, कारण आता आपण गावाकडे नाही. शहरात आलेल्या कुटुंबात भाषेवरून मुलांना अशी टोचणी बसते तेव्हा बाप नेमके काय पुसू पाहत असतो, हे सांगणारे समाजशास्त्राचे ग्रंथ असतील. येथे एका वाक्यात काम होते. पुढे दोन ओळखीचे गुंड स्टॅनला एका खुनाच्या कामात सामील करून घ्यायला दाराशी येतात, तेव्हा त्यांना उत्तर देते ती त्याची बायको. केसी मूर या अभिनेत्रीने तो प्रसंग असा केला आहे की पायरीवर उभी राहून बोलणारी ती बाई घरातल्या सगळ्या पुरुषांपेक्षा उंच वाटू लागते. चित्रपटभर तिला नाव मात्र दिलेले नाही, ही गोष्ट मला आजही खटकते.

मुलांविषयी लिहिले नाही तर हे परीक्षण अपुरे राहील. वॉट्समधली मुले लाकडी फळीची ढाल करून एकमेकांवर दगड फेकतात, रुळांवर खेळतात, धुळीत लोळतात. बर्नेट यांनी कॅमेरा दोन इमारतींमधल्या बोळात खाली ठेवला आहे आणि मुले एका छपरावरून दुसऱ्या छपरावर, थेट आपल्या डोक्यावरून उड्या मारतात. तेथे आपला श्वास अडकतो, त्यांचा नाही. घरात स्टॅनची छोटी मुलगी कुत्र्याचा रबरी मुखवटा घालून फिरते. एका दृश्यात ती बाहुलीसमोर बसून ‘अर्थ, विंड अँड फायर’ या बँडचे गाणे आपल्या मनाने शब्द जुळवत गाते. मोठ्यांचे प्रेमगीत, शब्द निम्मे चुकलेले आणि भाव मात्र पक्का. बाहेर दंगल झाली होती, वस्ती बदनाम होती, सारे खरे. पण त्या खोलीत त्या क्षणी एक मूल गाणे म्हणते आहे, आणि दिग्दर्शकाने त्याला घाई केलेली नाही.

गाण्यांचाच विषय निघाला आहे तर या संचामागची गोष्ट सांगायला हवी. पॉल रोब्सन, लुई आर्मस्ट्राँग, डायना वॉशिंग्टन, जुने ब्लूज आणि थेट रशियन संगीतकार रचमॅनिनॉफपर्यंतचे संगीत बर्नेट यांनी चित्रपटात वापरले, कारण मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या संगीताचा इतिहास त्यातून ऐकू यावा असे त्यांना वाटत होते. विद्यार्थ्याच्या प्रबंध-चित्रपटाला गाण्यांच्या हक्कांची चिंता नसते. पण त्यामुळेच तो तीस वर्षे चित्रपटगृहात रीतसर लागू शकला नाही. बर्लिनच्या महोत्सवात १९८१ मध्ये त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची निवड झाली, आणि तरीही सामान्य प्रेक्षकाला तो पाहायला मिळत नव्हता. शेवटी यूसीएलएच्या चित्रपट संग्रहालयाने प्रत दुरुस्त करून ३५ मिलिमीटरवर मोठी केली, गाण्यांच्या हक्कांसाठी सुमारे दीड लाख डॉलर मोजावे लागले, त्यासाठी दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग यांनीही हातभार लावला आणि २००७ मध्ये तो चित्रपटगृहांत आला. म्हणजे चित्रपट बनवायला लागले त्याच्या किमान पंधरापट पैसे त्यातली गाणी सोडवायला लागले. स्वतंत्र चित्रपटांच्या अर्थशास्त्राचा याहून बोलका आकडा मला ठाऊक नाही.

हे पैसे कशासाठी होते ते नृत्याच्या प्रसंगात कळते. खिडकीतून उजेड येतो आहे, स्टॅन उघड्या अंगाने आणि त्याची बायको त्याला बिलगून, डायना वॉशिंग्टनच्या ‘धिस बिटर अर्थ’ या गाण्यावर सावकाश हलतात. गाणे संपेपर्यंत कॅमेरा हलत नाही. मग तो तिला सोडून निघून जातो आणि ती खिडकीशी उरते. या जागी दुसरे स्वस्त गाणे टाकले असते तर प्रसंग उभाच राहिला नसता. मात्र एक तडजोड या संचात करावी लागली आहे. मूळ शेवटी त्याच गायिकेचे ‘अनफर्गेटेबल’ होते. त्याचे हक्क मिळाले नाहीत, म्हणून शेवटीही ‘धिस बिटर अर्थ’च पुन्हा वाजते. पुष्कळांना ते आवडते. मला ते किंचित जास्त गोळीबंद वाटते. ऐकलेले गाणे पुन्हा आले की वर्तुळ पूर्ण झाल्यासारखे होते, आणि या चित्रपटात दुसरे कोणतेच वर्तुळ पूर्ण होत नाही.

चित्राविषयी माझी काहीच तक्रार नाही. सोळा मिलिमीटरचा रवाळ पोत राखला आहे, तो घासून गुळगुळीत केलेला नाही; काळ्या चेहऱ्यांवरच्या उन्हाच्या छटा, भांड्याच्या झाकणात आपला चेहरा न्याहाळणारी बायको, कत्तलखान्यातली ओली चमक हे सारे स्पष्ट दिसते. आवाजाचे तसे नाही. संवाद कधी दूरचे, कधी एकमेकांवर चढलेले आहेत आणि बोलीही सवयीची नाही. मला कितीतरी जागा मागे नेऊन पुन्हा ऐकाव्या लागल्या. पण हा दोष तबकडीचा नसून मूळ ध्वनिमुद्रणाचा आहे. माझ्या बाबतीत खरा मनस्ताप दिला तो विक्रेत्याने: पहिल्यांदा आलेल्या खोक्यात दुसरी डिस्क सुटी खुळखुळत होती आणि तिच्यावर इतके ओरखडे होते की चित्र अडखळू लागले. बदलून मिळाली, पण पत्रव्यवहार बराच करावा लागला.

त्या दुसऱ्या चित्रपटाची गोष्ट तर संकलनाचा तास घ्यावा अशी आहे. ‘माय ब्रदर्स वेडिंग’ १९८३ चा, रंगीत, जर्मन दूरचित्रवाणीच्या पैशांवर झालेला. पिअर्स नावाचा तरुण आईवडिलांच्या लाँड्रीत काम करतो. त्याचा भाऊ वकील होऊन वरच्या थरातल्या, वकील असलेल्याच मुलीशी लग्न करतो आहे, आणि जिवलग मित्र तुरुंगातून सुटून आला आहे. एकीकडे भावाचे लग्न, दुसरीकडे मित्राची अंत्ययात्रा, दोन्ही एकाच दिवशी. वस्तीतून वर निघालेला कृष्णवर्णीय आणि वस्तीतच राहण्याचा हट्ट धरणारा कृष्णवर्णीय यांच्यातले वर्गाचे भांडण इतक्या सरळपणे मांडणारा चित्रपट त्या काळी विरळाच. पिअर्सचा हट्ट म्हणजे तत्त्वनिष्ठा आहे की नुसता आळस, हे बर्नेट ठरवून देत नाहीत. पण चित्रपट पुरता हाताशी यायच्या आतच तो घाईने दाखवला गेला, वृत्तपत्रात थंड स्वागत झाले आणि वितरक मागे हटले. जवळजवळ पाव शतकानंतर बर्नेट यांनी त्याचे नवे संकलन केले. मूळ सुमारे दोन तासांचे, नवे सुमारे ऐंशी मिनिटांचे. दोन्ही येथे आहेत.

दोन्ही लागोपाठ पाहिल्यावर माझे मत असे झाले की नवे संकलन निर्विवाद चांगले आहे आणि तरीही मला जुने पुन्हा पाहावेसे वाटते. जुन्यात लाँड्रीच्या काउंटरवरचा वेळ नुसता वाहू दिला आहे. गिऱ्हाइके येतात, कपडे टाकतात, उगाच थांबून गप्पा मारतात, आई प्रत्येकाला जागच्या जागी उत्तर देते. नव्यात कथा घट्ट झाली आहे, पिअर्सची कोंडी लवकर समजते, पण दुकानात घालवलेल्या दुपारी कमी झाल्या आहेत. हौशी कलाकारांचा ताठरपणा मात्र दोन्हीकडे आहे. वधूच्या घरच्या जेवणाचा प्रसंग तर अक्षरशः पाठ केलेल्या वाक्यांवर चालतो आणि विनोद असूनही तेथे जीव रमत नाही.

लघुपटांबद्दल थोडक्यात. ‘सेव्हरल फ्रेंड्स’ १९६९ चा. त्यात एक धुलाई यंत्र हलवण्याची जी खटपट आहे ती पाहिली की पुढचे इंजिन कोठून आले हे समजते. ‘द हॉर्स’ शहराबाहेरचा, १९७३ चा, मरणाची वाट पाहणाऱ्या घोड्याजवळ उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय मुलाचा. संचात तो सर्वांत कठोर आहे. ‘क्वाएट ॲज केप्ट’ २००७ चा, कतरीना वादळाने विस्थापित झालेल्या कुटुंबावर, चुटक्याएवढा आणि तेवढाच परिणाम करणारा. माझा सर्वांत लाडका मात्र १९९५ चा ‘व्हेन इट रेन्स’. नववर्षाच्या दिवशी एका बाईचे भाडे थकले आहे आणि एक वादक माणूस दारोदार फिरून तिच्यासाठी पैसे जमवतो आहे. जमत काही नाही, पण वस्तीतली माणसे एकामागोमाग एक भेटत जातात, आणि अखेरीस व्यवहार मिटतो तो जॅझच्या एका जुन्या तबकडीवर. तेरा मिनिटांत शहराचा नकाशा काढावा तर असा.

समीक्षक आणि महोत्सव-संयोजक रिचर्ड पेन्या यांच्यासोबत बर्नेट यांनी मुख्य चित्रपटावर केलेले ध्वनिभाष्य ऐकण्यासारखे आहे. उणीव वाटते ती ‘ब्लेस देअर लिटल हार्ट्स’ची. बिली वुडबेरी यांचा हा चित्रपट १९८४ चा; पटकथा आणि छायाचित्रण बर्नेट यांचेच, केसी मूर याही आहेत, आणि स्वयंपाकघरातले नवराबायकोचे ते लांबलचक, न तुटणारे भांडण पाहिल्याशिवाय स्टॅनच्या घरातली शांतता पुरती कळत नाही. दिग्दर्शक वेगळा असल्याने तो येथे नसणे रास्तच आहे, तरीही त्यासाठी वेगळा खर्च करावा लागला.

आज हा संच शोधणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२५ मध्ये ‘किलर ऑफ शीप’ची नवी ४के, म्हणजे अधिक सुस्पष्ट चित्राची, प्रत आली आणि तिच्यात शेवटचे ‘अनफर्गेटेबल’ पुन्हा आपल्या जागी आले आहे. फक्त तो एक चित्रपट उत्तम रूपात हवा असेल तर पैसे त्या आवृत्तीवर घालावेत. ज्यांना पिअर्सची दोन्ही संकलने शेजारी ठेवून पाहायची आहेत त्यांनी मात्र हा जुना संच मिळाला तर सोडू नये, आणि पाहायला बसताना क्रम उलटा न करता धुलाई यंत्रापासूनच सुरुवात करावी.